स्कॅनर हवा की साखळी?

डोंबिवलीच्या आजूबाजूच्या गावांत आणि वाड्यांत आम्ही बचत गटांचं काम पाहतो. एरवी आम्ही तुमच्याशी हप्ते, कर्ज, विमा, मसाल्याचं पॅकिंग असल्या विषयांवर बोलतो. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, ह्या बायांना झालंय तरी काय! आज आम्ही बोलणार आहोत ट्रंक रेडिओवर आणि तो ऐकणाऱ्या स्कॅनर नावाच्या यंत्रावर.

निमित्त असं झालं. एका गटाची बैठक होती. बचत जमा झाली, वहीत सह्या झाल्या, चहा आला. तेवढ्यात एका काकूंनी पिशवीतून वॉकीटॉकीसारखं काळं यंत्र काढलं. वर जाडसर अँटेना, पुढे छोटा पडदा आणि खाली बटणं. अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याने येताना आणलेलं. काकू म्हणाल्या, "ह्याच्यावर म्हणे पोलिसांचं आणि बंबवाल्यांचं बोलणं ऐकू येतं. गटाच्या पैशातून असं एक घेऊया का? परत कंपनीत काही झालं, तर आपल्याला आधी कळेल."

कोणी हसलं नाही. "परत कंपनीत काही झालं तर" हे आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २६ मे २०१६ ला डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट झाला. माणसं गेली, शंभराहून जास्त जखमी झाली, लांबलांबच्या घरांच्या काचा फुटल्या. आठ वर्षांनी, २३ मे २०२४ ला, त्याच वसाहतीत पुन्हा स्फोट झाला आणि पुन्हा माणसं गेली.

त्या दुसऱ्या दिवसाची एक गोष्ट आधी सांगतो. आमच्यातल्याच एका ताईंचे यजमान त्या भागात पाळीवर होते. दुपारी आवाज झाला, आकाशात काळा लोट दिसला. ताईंनी फोन लावला, तर लागेना. दहा मिनिटांत मोबाईलवर चार निरोप आले. एक म्हणे गॅस पसरतोय, घर सोडा. दुसरा म्हणे अजून एक टाकी फुटणार आहे. तिसरा म्हणे काही नाही, घरातच थांबा. चौथ्यात कुठल्या तरी जुन्याच आगीचा व्हिडिओ होता. ताईंनी दोन्ही पोरांना धरलं आणि त्या रस्त्याला लागल्या. सासूबाईंना चालवत नव्हतं, त्या घरीच राहिल्या. यजमान दोन तासांनी चालत घरी आले. सगळे सुखरूप होते. पण सासूबाईंना एकटं टाकून गेल्याचं ताईंच्या मनातून अजून जात नाही.

म्हणून काकूंच्या यंत्राकडे आम्ही सगळ्या टक लावून बघत होतो. हे असतं, तर त्या दिवशी उपयोग झाला असता का? ते यंत्र आम्ही चालू केलं नाही. का नाही, ते पुढे सांगतो. त्याआधी भाच्याला फोनवर सगळं विचारून घेतलं, आमच्या परीने माहिती काढली. ती तुमच्यापुढे ठेवतो.

ट्रंक म्हणजे काय?

"ट्रंक" हा शब्द आपल्या आजीलाही माहीत होता. पूर्वी मुंबईहून कोल्हापूरला बोलायचं, तर ट्रंक कॉल लावावा लागे. एक्स्चेंजमध्ये नंबर नोंदवायचा आणि वाट बघत बसायचं. दोन शहरांना जोडणाऱ्या मुख्य तारांना ट्रंक लाइन म्हणत. त्या तारा थोड्या आणि बोलणारे भरपूर. ज्याचा नंबर लागेल, त्याला ऑपरेटर मोकळी तार जोडून देई. बोलणं संपलं की तीच तार दुसऱ्याला. ऑपरेटरशिवाय थेट शहराबाहेर फोन लावायची सोय आपल्या देशात १९६० साली लखनौ आणि कानपूर या दोन शहरांत सुरू झाली. तोपर्यंत सगळी मदार त्या ऑपरेटरवरच.

ट्रंक रेडिओची कल्पना हीच आहे. थोड्या तारांऐवजी थोड्या फ्रिक्वेन्सी, आणि ऑपरेटर ताईंऐवजी संगणक. फ्रिक्वेन्सी म्हणजे काय, तर तुमच्या रेडिओच्या काट्यावरचा आकडा. सामुदायिक रेडिओ ९०.४ वर लागतो म्हणतो ना, तो आकडा. पोलिस, अग्निशमन दल, विमानतळ, मेट्रो यांच्या हातातल्या वॉकीटॉकीही अशाच ठरलेल्या आकड्यांवर बोलतात. पण आकाशात आकडे मोजकेच आहेत. एकाच आकड्यावर दोघं एकदम बोलले की कुणाचंच कळत नाही.

आता आपल्या कामातलं उदाहरण घेऊ. समजा ग्रामसंघाच्या इमारतीत पाच खोल्या आहेत आणि गट आहेत वीस. जुनी पद्धत अशी, की प्रत्येक खोली चार गटांना वाटून द्यायची. पहिले चार गट पहिल्या खोलीत, पुढचे चार दुसऱ्या खोलीत. मग होतं काय? एका खोलीबाहेर तीन गट ताटकळत उभे असतात आणि शेजारच्या दोन खोल्यांना नुसतं कुलूप. पण दाराशी एक ताई बसवली आणि सांगितलं की कुठलीच खोली कुणाची नाही, जो गट येईल त्याला मोकळी असेल ती खोली द्या, तर? त्याच पाच खोल्यांत वीस गटांचं काम आरामात भागतं. सगळे गट एकाच वेळी आले, तरच खोळंबा होतो, आणि ते क्वचितच होतं. किती माणसांना किती तारा पुरतात, ह्याचं गणित डेन्मार्कच्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ मध्येच मांडायला घेतलं होतं, कोपनहेगनच्या टेलिफोनसाठी.

ट्रंक रेडिओत दाराशी बसलेल्या त्या ताईचं काम एक खास वाहिनी करते. तिला कंट्रोल चॅनल म्हणतात, आपण तिला सूचना-वाहिनी म्हणू. तिच्यावर गप्पा चालत नाहीत, फक्त सूचना चालतात. सगळ्यांच्या हातातले रेडिओ गप्प बसून ह्या वाहिनीकडे कान लावून असतात. एका जवानाने बोलायचं बटण दाबलं, की त्याचा रेडिओ आधी सूचना-वाहिनीला विचारतो, "मी अमुक गटाचा, मला बोलायचंय." संगणक सांगतो, "ह्या गटाने तीन नंबरवर जावं." त्या गटाचे सगळे रेडिओ आपोआप तीन नंबरवर जातात आणि बोलणं सुरू होतं. हे सगळं डोळ्यांची उघडझाप होईपर्यंत उरकतं. बोलणं थांबलं, की सगळे परत सूचना-वाहिनीवर. पुढच्या वेळी तोच गट पाच नंबरवरही बोलेल. बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो.

ह्या बोलणाऱ्या गटाला टॉकग्रुप म्हणतात आणि प्रत्येकाला एक क्रमांक असतो. बचत गटाला नोंदणी क्रमांक असतो, तसाच. कुणाला तातडीचं बटण दाबावं लागलं, तर सगळ्या वाहिन्या भरलेल्या असल्या तरी त्याला आधी जागा मिळते.

अशा पद्धतींची वेगवेगळी नावं आहेत. अमेरिकेत पी-ट्वेंटीफाइव्ह नावाची पद्धत जास्त चालते. युरोपात ठरलेली टेट्रा नावाची पद्धत आपल्याकडे दिल्ली मेट्रोसारख्या ठिकाणी वापरतात. टेट्रात एकाच फ्रिक्वेन्सीचे वेळेनुसार चार बारीक तुकडे पाडतात. त्यामुळे एकीवर चौघांचं काम चालतं. जात्यावर चौघी आळीपाळीने घास टाकतात, तसं. आळी इतकी भरभर फिरते, की प्रत्येकीला वाटतं जातं आपल्याच हातात आहे.

स्कॅनर कसा बसवतात?

आता त्या काळ्या यंत्राकडे येऊ. स्कॅनर हा फक्त ऐकणारा रेडिओ आहे. त्यावरून बोलता येत नाही. साधा स्कॅनर एकामागून एक फ्रिक्वेन्सी तपासत जातो. जिथे आवाज असेल तिथे थांबतो, आवाज संपला की पुढे निघतो. रात्री गल्लीतून फिरणारा पहारेकरी कसा दारादाराशी कान देतो, तसा.

पण ट्रंक रेडिओवर हा साधा स्कॅनर फसतो. तीन नंबरवर बंबवाल्यांचं एक वाक्य ऐकू येतं आणि पुढचं वाक्य येतं ते रस्ते दुरुस्तीवाल्यांचं. कारण बंबवाले तोवर पाच नंबरवर गेलेले असतात. ऐकणाऱ्याला वाटतं सगळं एकच संभाषण आहे. आग लागलीय आणि तिथे डांबर मागवलंय!

म्हणून ट्रंक समजणारा स्कॅनर निघाला. तो आधी सूचना-वाहिनी वाचतो. कुठल्या क्रमांकाचा गट कुठल्या नंबरवर गेला ते बघतो आणि त्याच्या मागोमाग जातो. भाचा तिकडे हे यंत्र कसं भरतो, ते त्याने सांगितलं. चार पायऱ्या आहेत.

पहिली पायरी, पद्धत कोणती ते यंत्राला सांगायचं. भाषा चुकली तर पुढचं सगळं फुकट.

दुसरी पायरी, सूचना-वाहिनीची फ्रिक्वेन्सी भरायची. एकापेक्षा जास्त भराव्या लागतात, कारण पुष्कळ ठिकाणी एक बंद पडली तर काम दुसरीवर जातं. दाराशी बसणारी ताई रजेवर गेली, की बदली ताई बसते, तसं.

तिसरी पायरी, टॉकग्रुपचे क्रमांक भरून प्रत्येकाला नाव द्यायचं. नुसता आकडा कुणाच्या लक्षात राहणार? क्रमांक माहीत नसेल तर यंत्र मोकळं सोडायचं. पडद्यावर क्रमांक दिसतो, बोलणं ऐकायचं, काम कुणाचं आहे ते ओळखायचं आणि वहीत लिहून ठेवायचं.

चौथी पायरी, निवड. काय ऐकायचं त्याच्या याद्या करायच्या, नको ते वगळायचं, महत्त्वाच्या गटाला पहिला मान द्यायचा. आणि एक छोटी पण कामाची गोष्ट म्हणजे एकाचं बोलणं संपल्यावर यंत्राने लगेच पळू नये, दोनेक सेकंद थांबावं. नाहीतर प्रश्न ऐकू येतो आणि उत्तर निसटतं.

नव्या यंत्रांत तर तिकडचा पिनकोड टाकला, की त्या भागाची माहिती यंत्रातल्या कार्डावरून आपोआप भरते. असं सगळं करूनही आजच्या डिजिटल यंत्रणांमध्ये बोलणं पुष्कळदा सांकेतिक केलेलं असतं. मग कितीही महागडा स्कॅनर असला, तरी त्यातून काही निघत नाही.

आपल्याकडे चालतं का?

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी असं उघडं बोलणं ऐकायला मुभा आहे, काही राज्यांत गाडीत स्कॅनर ठेवण्यावर बंधनं आहेत. ब्रिटनमध्ये आपल्यासाठी नसलेलं बोलणं ऐकणं हाच गुन्हा आहे. आपल्या देशाचा कायदाही कडक आहे.

तुमच्यापैकी वयाने मोठ्या असलेल्या मावश्यांना आठवत असेल, घरात साधा रेडिओ ठेवायचा तरी पोस्टात जाऊन लायसन्स काढावं लागे. दरवर्षी पैसे भरायचे आणि पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यायचा. १९८० च्या दशकात ते लायसन्स गेलं, म्हणून आज आपण हवं ते आकाशवाणी केंद्र बिनधास्त ऐकतो. पण ही सूट सगळ्यांसाठी केलेल्या प्रसारणापुरती आहे. बाकीच्या बिनतारी यंत्रांना ती नाही. १९३३ च्या कायद्याने परवान्याशिवाय असं यंत्र जवळ ठेवणंही गुन्हा ठरवलं होतं. आता २०२३ चा नवा दूरसंचार कायदा आलाय. त्यात दुसऱ्याचा संदेश बेकायदा मधेच ऐकण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दोन कोटी! आपल्या गटाने किती जन्म पापड लाटायचे?

म्हणून आम्ही काकूंच्या यंत्राला हात लावला नाही. "पोराला सांगा, परत जाताना घेऊन जा," एवढंच म्हणालो. काकूंना थोडं वाईट वाटलं, पण पटलं.

ह्याच ओघात वॉकीटॉकीबद्दलही सांगतो. जत्रेला, शेतावर, मेळाव्याला बऱ्या पडतील म्हणून काही गट मोबाईलवरून वॉकीटॉकी मागवायचा विचार करतात. सावध राहा. परवाना लागणाऱ्या वॉकीटॉकी कुठलीही माहिती न देता विकल्या जात होत्या, म्हणून २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना नोटिसा दिल्या. विनापरवाना चालतात त्या फक्त ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ ह्या पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या आणि सरकारी मान्यता असलेल्या वॉकीटॉकी. डब्यावर फ्रिक्वेन्सी आणि मान्यता दोन्ही लिहिलेली नसेल, तर घेऊ नका.

ज्या मुलींना ह्या विषयाची खरीच गोडी आहे, त्यांच्यासाठी सरळ वाट आहे. हौशी रेडिओ, म्हणजे हॅम रेडिओ. त्याची सरकारी परीक्षा असते आणि बारा वर्षांपुढच्या कुणालाही ती देता येते. पास झालं की स्वतःचं सांकेतिक नाव आणि परवाना मिळतो, मग ऐकताही येतं आणि बोलताही येतं. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद ह्या हॅम बाई आपल्या सहकाऱ्यांसोबत अंदमानात पोर्ट ब्लेअरला होत्या. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन बंद पडले. त्यांनी आपल्या रेडिओवरून बेटांवरच्या लोकांचे निरोप मुख्य भूमीवर पोचवले. परवाना होता, सराव होता, म्हणून वेळेला हात चालले. आपल्या गटातल्या दहावी-बारावीच्या पोरींना हे नक्की सांगा.

ऐकलं असतं तर?

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. कायदा क्षणभर बाजूला ठेवा. त्या दुपारी ताईंच्या हातात स्कॅनर असता, तर काय ऐकू आलं असतं? पाण्याची गाडी कुठे उभी करायची, फोम किती उरलाय, अँब्युलन्सला रस्ता मोकळा करा. जवानांच्या कामाचं बोलणं. त्यात तुमच्या वाडीत खिडक्या लावायच्या की घर सोडायचं, हे कुणी सांगत नव्हतं. ते सांगायची ती जागाच नाही. उलट अर्धं वाक्य ऐकून कुणीतरी पाचवा निरोप पाठवला असता.

पुष्कळ चर्चा झाल्यावर आम्हाला कळलं ते एवढंच. त्या दिवशी निरोपांना तोटा नव्हता. निरोप कुणी द्यायचा, कुणाला द्यायचा, कुठल्या निरोपावर विश्वास ठेवायचा, ह्याची रचना नव्हती. बंबवाल्यांकडे ती रचना असते. त्यांचं बोलणं आपण घ्यायचं नाही, पण त्यांची पद्धत घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. म्हणून त्या ट्रंक रेडिओवरून आम्ही आमची निरोपाची साखळी बांधली. तुम्हालाही करता येईल, खर्च वहीचा आणि पेनाचा.

पहिलं, सूचना-ताई ठरवा. वाडीत एक आणि तिची बदली एक. अडचणीच्या वेळी निरोप फक्त ह्याच देतील. त्यांनी दुसऱ्या गप्पा करायच्या नाहीत, फोन मोकळा ठेवायचा. त्यांनी निरोप घ्यायचा तो पक्क्या ठिकाणाहूनच. तातडीच्या मदतीसाठी ११२, आगीसाठी १०१, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७. शिवाय सरकारचा इशारा थेट मोबाईलवर येतो. २०२३ मध्ये एकदा सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले होते, आठवतं? कुणी घाबरून फोन फेकून दिला होता! ती ह्याचीच चाचणी होती. सामुदायिक रेडिओवरूनही आपत्तीच्या, हवामानाच्या सूचना देता येतात, म्हणून बॅटरीवर चालणारा एक साधा रेडिओ घरात असू द्या.

दुसरं, छोटे गट पाडा. दोनशे बायकांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर "काय झालं?" असं पन्नास जणींनी विचारलं, की खरा निरोप वर निघून जातो. दहा घरांमागे एक गट आणि एक ताई. सूचना-ताईने दहा जणींना कळवायचं, त्या दहा जणींनी आपापल्या दहा घरांना.

तिसरं, निरोप आखूड हवा आणि चारच गोष्टींचा. कोण बोलतंय, कुठे झालं, काय झालं, काय करायचं. आणि ऐकणारीने तो परत म्हणून दाखवायचा. ही रेडिओवाल्यांची जुनी सवय आहे. आमच्या पहिल्या सरावात आम्ही ती पाळली नाही. निरोप दिला होता, "धूर येतोय, खिडक्या लावा." तिसऱ्या वाडीत पोचेपर्यंत "पूर येतोय, वर चढा" झालं. एक आजी खरंच माळ्याची शिडी चढायला निघाल्या होत्या! तेव्हापासून परत म्हणून दाखवल्याशिवाय निरोप पोचला असं आम्ही धरत नाही.

चौथं, तातडीचा मान आधी ठरवून ठेवा. प्रत्येक दहा घरांच्या ताईने यादी करायची. चालता न येणारी माणसं, बाळंतिणी, दम्याचे रुग्ण, एकटं राहणारं कुणी. निरोप आधी त्या घरी जायचा आणि हात द्यायला कोण जाणार, तेही नावासकट लिहायचं. ताईंच्या सासूबाई आता आमच्या यादीत पहिल्या आहेत. शेजारच्या दोन तरुण सुनांची नावं त्यांच्यापुढे लिहिली आहेत.

पाचवं, फोन बंद पडला तर काय? २६ जुलै २००५ ला आपल्याकडे पावसाने कहर केला. उल्हास नदीचं पाणी बदलापूर, कल्याणपर्यंत वस्तीत शिरलं आणि फोन लागेनात. स्फोटानंतरही सगळे एकदम फोन लावतात, मग टॉवरवरची गर्दी हटत नाही. अशा वेळी बोलण्यापेक्षा छोटा लेखी संदेश पोचायची शक्यता जास्त. तोही नाही गेला, तर देवळाची घंटा, भोंगा किंवा सायकलवरचा पोरगा. घंटा किती वेळा वाजली की काय समजायचं आणि जमायचं कुठे, हे आधीच ठरवा. जुलै २०१९ मध्ये बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, हजारभर प्रवासी आत. बचाव पथकांसोबत आजूबाजूचे गावकरीही मदतीला धावले. जवळचा माणूस सगळ्यात आधी पोचतो, हे विसरू नका.

सहावं, सराव. तीन महिन्यांतून एकदा, बैठकीच्या दिवशी. घड्याळ लावायचं आणि शेवटच्या घरी निरोप किती वेळात पोचला, ते वहीत लिहायचं.

आणि रसायनाचा धूर आला तर, एवढं सगळ्यांनी पाठ करा. सूचना येईपर्यंत घरात राहा, दारं-खिडक्या लावा, फटींना ओलं फडकं लावा, पंखे बंद करा, नाकावर ओला रुमाल धरा. बाहेर पडायला सांगितलं तर वाऱ्याच्या दिशेने पळू नका, वाऱ्याला आडवं निघा. बघायला म्हणून कुणी स्फोटाच्या जागी जाऊ नका. बंबाचा रस्ता अडतो.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एकच करा. बचत जमा झाली की वहीचं मागचं पान उघडा. वर सूचना-ताईचं आणि बदली ताईचं नाव लिहा, खाली दहा दहा घरं पाडा, आणि चालता न येणाऱ्या माणसांच्या नावांवर खूण करा. अर्ध्या तासाचं काम आहे. तुमच्या पहिल्या सरावात धुराचं काय झालं, ते आम्हाला जरूर कळवा. काकूंचा भाचा पुढच्या वर्षी पुन्हा येणार आहे. येताना काय आणू, असं त्याने विचारलंय. काकूंनी सांगितलंय, चांगल्या आवाजाची शिट्टी आण, वाडीला पुरतील एवढ्या.